एकाच माणसाच्या हातात असलेलं ज्ञान: नकाशा, हस्तांतर आणि जपणूक यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्ञाननकाशा म्हणजे नेमकं काय?

कोणत्या कामाला कोणती जाणकारी लागते, ती आज कोणाकडे आहे आणि तो माणूस उद्या आला नाही तर काय अडेल, हे एका जागी मांडलेला तक्ता म्हणजे ज्ञाननकाशा. संस्थेच्या पदरचनेत हे दिसत नाही. तिथे पदं असतात, आणि पद एकाकडे व जाणकारी दुसऱ्याकडे असं पुष्कळदा असतं.

एका ओळीत सहा गोष्टी पुरतात: निर्णय किंवा काम, ते किती वेळा करावं लागतं, मदतीशिवाय करू शकणारे कोण, शिकत असलेले कोण, लिखित काय आहे आणि ते शेवटचं कधी तपासलं, अडलं तर फटका किती तासांत किंवा दिवसांत बसतो.

यातला पहिला रकाना सगळ्यात जास्त चुकतो. तिथे विषय लिहायचा नाही, निर्णय लिहायचा. ‘बॉयलर’ ही ओळ कोणाच्याच कामाची नाही. ‘बॉयलरच्या पाण्यात फेस दिसला तर ब्लोडाउन (बॉयलरमधलं साचलेल्या क्षारांचं पाणी बाहेर सोडणं) वाढवायचा की बॉयलर बंद करायचा’ ही ओळ कामाची, कारण ती वाचल्यावर लगेच विचारता येतं की हे रात्रपाळीत कोण ठरवू शकतो. कार्यालयातही तसंच. ‘लेखा’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘वर्षअखेरीला ताळेबंद जुळला नाही तर आधी कोणत्या नोंदी उघडायच्या’ असं लिहिलं की नाव पुढे येतं. बहुतेक वेळा एकच नाव येतं, आणि तिथेच धोका असतो.

आमच्याकडे सगळ्या कामांच्या एसओपी, म्हणजे ठरलेल्या लिखित कार्यपद्धती, आहेत. मग हे वेगळं कशाला?

एसओपी सुरळीत दिवसासाठी लिहिलेली असते. जाणकाराची गरज पडते ती बिघडलेल्या दिवशी.

समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला. टीईए नावाचा लेझर तिथे अनेक जण बनवू पाहत होते. त्यावरचे शोधनिबंध छापलेले होते, आकृत्या उपलब्ध होत्या. तरी केवळ छापील माहितीवरून एकाही प्रयोगशाळेला चालणारा लेझर बनवता आला नाही. ज्यांना जमला, त्यांचा तो आधी बनवलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. लिहिणाऱ्यांनी काही लपवलं असेलही, पण बरंचसं सांगण्यासारखं आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. एका तारेची लांबी किती कमी ठेवायची, हीसुद्धा असलीच एक बाब.

म्हणून एसओपी असल्या तरी एकदा जाणकाराला त्याच्याच कामाची एसओपी वाचायला द्या आणि प्रत्येक पायरीवर विचारा, ‘ही पायरी तुम्ही कधी करत नाही?’ उत्तरं लिहून घेतलीत तर अर्धा नकाशा तिथेच तयार होतो.

सुरुवात कुठून करायची? सगळ्या संस्थेचा नकाशा एकदम काढावा का?

नाही. संपूर्ण संस्थेचा नकाशा हाती घेतलेले उपक्रम बहुधा पहिल्या फेरीतच थकतात, आणि तक्ता पूर्ण होईपर्यंत त्यातली नावं जुनी झालेली असतात. १५ ते ३० माणसांचा एक विभाग निवडा. निवडताना सगळ्यात शिस्तीचा विभाग घेऊ नका; ज्याच्याशिवाय बाकीचे अडतात तो घ्या.

पहिल्या आठवड्यात मागच्या १२ ते १८ महिन्यांचं लॉगबुक, तक्रारींच्या नोंदी आणि सुटीच्या दिवशी केलेले फोन काढा. ज्या घटनांत काम थांबलं किंवा एखाद्याला घरून बोलवावं लागलं, तेवढ्याच वेगळ्या करा. त्यांतून ४० ते ६० निर्णय निघतात. दुसऱ्या आठवड्यात विभागातल्या तीन-चार अनुभवी माणसांना एकत्र बसवून प्रत्येक निर्णयासमोर नावं लिहा. दोन तासांच्या दोन बैठका लागतात. ज्या ओळीसमोर एकच नाव आहे ती लाल, दोन असतील तर पिवळी. पुढचं सगळं काम लाल ओळींवर.

वर्षातून एकदाच करायची कामं, म्हणजे वार्षिक शटडाउन, लेखापरीक्षण, परवान्याचं नूतनीकरण, ही १२ महिन्यांच्या नोंदींत जेमतेम एकदा दिसतात. पाच-सात वर्षांतून एकदाच येणारी तर दिसतच नाहीत. ती जाणीवपूर्वक विचारून घ्यावी लागतात, आणि विसरण्याचा धोका त्यांनाच सर्वाधिक.

खरा जाणकार कोण हे कसं ओळखायचं?

वरिष्ठांना विचारून नाही. वरिष्ठांना बोलकी माणसं आठवतात. विभागातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न द्या: ‘काम अडलं की तुम्ही कोणाला विचारता?’ जास्तीत जास्त तीन नावं लिहायला सांगा आणि बाणांनी जोडा. ज्याच्याकडे सर्वाधिक बाण येतात तो जाणकार, आणि संस्थेतली सगळ्यात अरुंद जागाही तीच.

दोन सावधगिऱ्या. काही बाण ज्ञानामुळे येत नाहीत. चावी, सही किंवा पासवर्ड त्या माणसाकडे आहे म्हणून येतात. ते अधिकार वाटून देऊन सुटतं, त्याला मुलाखत लागत नाही. दुसरं, हा तक्ता वेतनवाढीसाठी किंवा मूल्यमापनासाठी वापरायचा नाही आणि तसं आधीच लेखी सांगायचं. एकदा वापरलात की पुढच्या वेळी नावं मैत्रीने भरली जातील.

कोणतं ज्ञान आधी वाचवायचं हे कसं ठरवायचं?

अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सार्वजनिक वीजसंस्थेने एक सोपी गुणपद्धत तयार केली आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमुळे ती अनेक अणुप्रकल्पांत पोचली. दोन घटकांना १ ते ५ गुण द्यायचे. पहिला, माणूस किती लवकर निवृत्त होणार: चालू किंवा पुढच्या आर्थिक वर्षात असेल तर ५, बरीच वर्षं असतील तर १. दुसरा, त्याचं ज्ञान किती दुर्मीळ: कामासाठी अत्यावश्यक, लिखित नोंद नाही आणि नवा माणूस तयार व्हायला तीन-पाच वर्षं लागतात असं असेल तर ५, बाहेरून सहज मिळण्यासारखं असेल तर १. दोन्हींचा गुणाकार २० ते २५ आला तर ताबडतोब कृती, १६ ते १९ आला तर हस्तांतराची योजना, १० ते १५ ला लक्ष ठेवणं, त्याखाली नेहमीची व्यवस्था. अपूर्णांक न वापरता गुण दिले तर १७, १८, १९ हे गुणाकार येऊच शकत नाहीत, म्हणजे दुसऱ्या गटात फक्त ४ गुणिले ४ बसतं. तेव्हा त्या गटाची पाटी जवळपास रिकामी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

या पद्धतीची मोठी उणीव अशी की ती निवृत्तीच मोजते. राजीनामा, बदली, बढती, आजारपण आणि कंत्राट संपणं तिच्यात येत नाही. पहिल्या घटकाला ‘निवृत्ती’ऐवजी ‘उपलब्ध न राहण्याची शक्यता’ म्हणा. ३५ वर्षांच्या, बाजारात मागणी असलेल्या अभियंत्याला तिथे ४ द्यायला कचरू नका.

मुलाखत कशी घ्यायची? जाणकार म्हणतो, ‘त्यात सांगण्यासारखं काय आहे?’

तो खोटं बोलत नसतो. हात बसलेल्या माणसाला आपण काय करतो ते दिसत नाही. म्हणूनच ‘तुमचं काम समजावून सांगा’ या प्रश्नाला पाठ्यपुस्तकी उत्तर मिळतं.

प्रत्यक्ष घडलेली घटना धरा. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक घटनांची पद्धत आणि गॅरी क्लाइन व सहकाऱ्यांनी अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांबरोबर काम करताना विकसित केलेली मुलाखतीची रीत, दोन्हींचं मूळ हेच. एका घटनेवरून चार वेळा जायचं:

१. घटना निवडा. अट एकच: त्या दिवशी नवखा माणूस असता तर निकाल वेगळा लागला असता. जाणकाराला मध्ये न थांबवता सांगू द्या.
२. कालरेषा काढा. किती वाजता काय दिसलं, काय केलं. इथे त्याच्या स्वतःच्याच आठवणीतल्या फटी त्याला दिसतात.
३. प्रत्येक निर्णयाच्या जागी थांबा. त्या क्षणी काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, दुसरा कोणता मार्ग होता, तो का सोडला.
४. ‘असं असतं तर?’ विचारा. तापमान कमी असतं तर, रात्र असती तर, सुटा भाग हाताशी नसता तर.

एका घटनेला ९० मिनिटं ते दोन तास लागतात. एका दिवसात दोनपेक्षा जास्त घेऊ नका. विचारणारे दोघं असावेत: एक बोलणारा, एक टिपणारा. टिपणारा शक्यतो पुढे तेच काम करणार असलेला माणूस असावा, कारण त्याला न कळलेलं तोच अचूक हेरतो. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्या आणि ४८ तासांच्या आत टिपण पक्कं करा. नंतर आवाजाचा संदर्भ हरवतो. शक्य असेल तर बैठक यंत्रापाशी, स्क्रीनपाशी, फायलींपाशी घ्या. मोकळ्या टेबलावर बसवलं की माणूस तत्त्वं सांगायला लागतो.

आणि काही शब्द ऐकू आले की पुढे जायचंच नाही: ‘अंदाजाने’, ‘जरा’, ‘नेहमीसारखं’, ‘बघून घ्यायचं’, ‘कळतंच’. ज्ञान या शब्दांमागे दडलेलं असतं. समजा जाणकार म्हणाला, ‘बेअरिंगचा आवाज जरा वेगळा आला की कळतं.’ मग विचारा: कुठे उभं राहून ऐकता? यंत्र सुरू होताना की लोडवर असताना? आवाज सतत असतो की ठरावीक अंतराने? हात लावून बघता का? तसाच आवाज येऊनही कधी दुर्लक्ष करता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा अख्ख्या मुलाखतीतलं सगळ्यात मौल्यवान वाक्य ठरतं.

सगळं ज्ञान लिहून काढता येतं का?

नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. आपल्याला येतं त्यातलं बरंचसं शब्दांत सांगता येत नाही, हा विचार मायकेल पोलान्यी यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत मांडला; इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९० च्या दशकात तो संस्थांच्या कामकाजात आणला. रोजच्या वापरासाठी तीन थर पुरतात. आकडे, क्रम, मर्यादा, संपर्क हे लिहायचं. हाताची चाल, रंग, आवाज, पोत हे दाखवायचं. त्यासाठी तीन ते सात मिनिटांच्या चित्रफिती, प्रत्येक फितीत एकच कृती, कॅमेरा चेहऱ्यावर नाही तर हातांवर. निर्णयाची जाण मात्र सोबत काम करूनच येते, तिथे फक्त वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या थरातलं ज्ञान पहिल्या थरात कोंबलं की शंभर पानांची पुस्तिका तयार होते आणि ती कोणी उघडत नाही.

टिपण कोणी लिहायचं, आणि कसं?

शिकणाऱ्याने लिहायचं, जाणकाराने दुरुस्त करायचं. उलट केलंत तर जाणकार त्याला उघड वाटणाऱ्या पायऱ्या गाळतो. एका निर्णयाला एक पान: प्रसंग, कोणत्या खुणेवरून ओळखायचं, काय करायचं, का, आणि हे कधी लागू होत नाही. खाली तारीख, कोणी सांगितलं, पुन्हा कधी तपासायचं. ‘का’ आणि ‘कधी लागू होत नाही’ हे दोन रकाने रिकामे असतील तर ते पान मंजूर करू नका.

जाणकार सांगायलाच तयार नसेल तर?

आधी कारण शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो. वेळ नसणं हे सगळ्यात सामान्य कारण, आणि ते खरं असतं. त्याच्याकडचं नेहमीचं काम आठवड्यातून किमान एक दिवस दुसऱ्याकडे द्या. नुसतं ‘सवड काढा’ म्हणून सवड होत नाही.

नोकरी जाण्याची भीती असेल तर भाषणाने ती जात नाही. शिकवणं हा त्याच्या पदाचा लिखित भाग करा आणि शिकवण्याच्या काळात त्याचं पद कमी होणार नाही याची लेखी हमी द्या. ही हमी देता येत नसेल तर जाणकाराच्या जागी आपण काय केलं असतं याचा प्रामाणिक विचार करा.

अपमान हेही कारण असतं. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही आणि शेवटच्या महिन्यात वही-पेन घेऊन माणसं आली, तर कोणालाही लागतं. टिपणांवर त्याचं नाव ठेवा.

महत्त्वाचा माणूस ३० दिवसांत जातोय. आता काय करता येईल?

सगळं वाचणार नाही हे पहिल्याच दिवशी मान्य करा आणि पाच निर्णय निवडा, फार तर सात. निवड मागच्या वर्षभरात त्याला केव्हा बोलवावं लागलं यावरून करा, त्याच्या आवडीवरून नको.

पहिल्या आठवड्यात त्याची नेहमीची कामं काढून घ्या आणि बाहेरचे संपर्क, पासवर्ड, चाव्या, तोंडी ठरलेले व्यवहार यांची यादी करा. पुरवठादारांशी त्यानेच नव्या माणसाची ओळख करून द्यावी. दुसऱ्या आठवड्यात ९० मिनिटांच्या तीन किंवा चार मुलाखती. तिसऱ्यात उत्तराधिकारी काम करेल आणि जाणकार हात पाठीमागे बांधून बघेल. हे त्याला कठीण जातं, पण फटी इथेच सापडतात. चौथ्या आठवड्यात तो दुसऱ्या खोलीत बसेल आणि त्याला फक्त फोन करता येईल. प्रत्येक फोन लिहून ठेवा. तीच राहिलेल्या कामाची यादी.

शेवटच्या दिवशी दोनशे फायलींचा फोल्डर सोपवणं याला हस्तांतर म्हणत नाहीत. पुढच्या काही महिन्यांसाठी ठरावीक तासांचा, मोबदल्यासह सल्ल्याचा करार आधीच करून ठेवा. फुकट फोन दोन-तीनदा उचलले जातात, नंतर नाही.

हस्तांतर झालं हे कशावरून समजायचं?

जाणकार सलग दोन आठवडे रजेवर, फोन बंद, आणि काम चाललं. याशिवाय दुसरी कोणतीही कसोटी आम्ही मानत नाही. कागदावर सही झाली, प्रशिक्षणाचे तास भरले, यातून काही सिद्ध होत नाही. ही रजा माणूस संस्थेत असतानाच घडवून आणायची, म्हणजे फटी बुजवायला वेळ राहतो. कसोटी पार पडली की ती ओळ लाल रंगातून पिवळ्यात जाते.

क्वचित येणाऱ्या कामांना ही कसोटी लागू होत नाही. तिथे कृत्रिम प्रसंग उभा करून सराव घ्यावा लागतो. जपानमधलं इसेचं देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधलं जातं. अलीकडचं बांधकाम २०१३ मध्ये पूर्ण झालं. एका सुताराला आयुष्यात एकदा शिकायला आणि एकदा शिकवायला मिळेल एवढं ते अंतर आहे. तुमच्या विभागात १० वर्षांतून एकदा येणारं काम असेल, तर मागच्या वेळी मदतनीस असलेला माणूस पुढच्या वेळी संस्थेत असेल का, हा प्रश्न आजच विचारा.

ज्ञान बाहेर जाऊ नये, स्पर्धकाच्या हाती लागू नये, यासाठी काय करायचं?

ही जपणुकीची दुसरी बाजू, आणि ती पहिलीच्या विरुद्ध दिशेला ओढते. गुप्ततेसाठी ज्ञान एकाकडेच ठेवलं तर तो गेल्यावर ते बुडतं.

१ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ३९ मध्ये व्यापारी गुपितासाठी तीन अटी आहेत: माहिती सर्वसामान्यपणे ठाऊक नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल असावं, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी मालकाने वाजवी उपाय केलेले असावेत. पहिल्या दोन अटी बहुतेकांच्या बाजूने असतात. तिसरी दाखवता येत नाही म्हणून दावा कोसळतो. म्हणून नकाशातल्या प्रत्येक ओळीला एक रकाना जोडा: खुलं, अंतर्गत की गुप्त. सगळ्यावरच ‘गुप्त’ शिक्का मारला तर त्या शिक्क्याला अर्थ राहत नाही. गुप्त ओळी दहात एखादीच असाव्यात. त्या कोणी उघडल्या याची नोंद ठेवा, कंत्राटदारांकडून गोपनीयतेचा करार आधी घ्या, आणि जाणाऱ्या माणसाची खाती शेवटच्या दिवशीच बंद करा.

माणसाचं अंगभूत कौशल्य हे संस्थेचं गुपित नव्हे. वेल्डिंगचा हात त्याचा. विशिष्ट मिश्रणाचं प्रमाण संस्थेचं. ही रेषा कुठे पडते हे देशादेशात वेगळं ठरतं, तेव्हा करार लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. वस्तू उघडून पाहिल्यावर रहस्य कळण्यासारखं असेल तर पेटंटचा विचार करा: संरक्षण अर्जापासून साधारण २० वर्षं, पण माहिती जाहीर करावी लागते.

नकाशाही जपा. कोणत्या एका माणसाला पळवलं तर तुमचं काम थांबेल, याची ती आयती यादी आहे.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

दोनशे ओळींपर्यंत साधी स्प्रेडशीट पुरते. सॉफ्टवेअर आधी घेतलं की माणसं त्याचे रकाने भरत बसतात.

एआयला सगळे दस्तऐवज दिले तर तो जाणकाराची जागा घेईल का?

लिहिलेलं शोधून द्यायला, मुलाखतींचा मजकूर उतरवायला तो उपयोगी आहे. कधीच न लिहिलेलं त्याला सापडणार नाही, आणि त्या जागी तो खात्रीच्या सुरात चुकीचं उत्तर देऊ शकतो. प्रत्येक उत्तराबरोबर मूळ पान आणि त्याची तारीख दिसलीच पाहिजे, नाहीतर रद्द झालेली जुनी पद्धत नव्यासारखी समोर येते. गुप्त ओळी बाहेरच्या सेवेत टाकण्याआधी करार वाचा. ‘वाजवी उपाय’ केल्याचा तुमचा दावा तिथे कमकुवत होऊ शकतो.

आयएसओ प्रमाणपत्रासाठी हे लागतं का?

आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या ७.१.६ या कलमात संस्थेने आपल्या कामासाठी लागणारं ज्ञान ठरवावं, ते टिकवावं आणि गरजेप्रमाणे उपलब्ध करावं असं म्हटलं आहे. वर सांगितलेला तक्ता त्याचा चांगला पुरावा होतो. ज्ञान व्यवस्थापनासाठी आयएसओ ३०४०१:२०१८ हे स्वतंत्र मानकही आहे.

नकाशा किती वेळा तपासायचा?

लाल ओळी दर तीन महिन्यांनी, बाकी वर्षातून एकदा. राजीनामा, बदली, नवं यंत्र, नवा पुरवठादार यांपैकी काहीही झालं तर त्याच आठवड्यात. प्रत्येक ओळीला नावानिशी एक मालक हवा, आणि तो स्वतः जाणकार नसावा.

जाणकार सांगतो ते चुकीचं असेल तर?

असतं. वीस वर्षांच्या अनुभवात सवयी आणि समजुतीही मिसळतात. एकाच प्रसंगावर दोन जाणकारांना वेगवेगळं विचारा. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे मोजमाप घ्या, धोका नसेल तर प्रयोग करून बघा, आणि टिपणात ‘पडताळलं’ किंवा ‘पडताळायचं आहे’ असं स्पष्ट लिहा.

पण कारण सांगता येत नाही एवढ्यावरून पायरी काढून टाकू नका. अमेरिकेच्या डब्ल्यू७६ या अण्वस्त्राच्या नूतनीकरणासाठी फॉगबँक नावाचा पदार्थ पुन्हा बनवायचा होता. जुना कारखाना उरला नव्हता, नोंदी अपुऱ्या होत्या आणि बहुतेक जाणकार निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते; सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००९ च्या अहवालात हे नोंदलेलं आहे. उत्पादन पुन्हा सुरू झाल्यावरही पदार्थ जमेना. शेवटी कळलं की जुन्या पद्धतीत कच्च्या मालातली एक अशुद्धी टिकून राहत होती आणि तीच आवश्यक होती. नव्या शुद्धीकरणाने ती निघून जात होती. ती अशुद्धी काम करते हे जुन्या कामगारांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना कितीही विचारलं असतं तरी ते सांगू शकले नसते. अशा जागी मुलाखत पुरत नाही. जुना कच्चा माल, त्याचे नमुने आणि पुरवठादाराच्या तपासणीचे अहवाल जपून ठेवावे लागतात. तुमच्या नकाशात ‘कारण माहीत नाही, तरी करतो’ अशा पायऱ्यांसाठी वेगळी खूण ठेवा, आणि त्या पायरीतलं काहीही बदलण्याआधी आधीच्या मालाचा नमुना तारखेसह बाजूला काढा.